गाव सांगेल तेवढंच : आदिवासी भागात आरोग्य संशोधनाला निघालेल्या नवख्यांसाठी

पावसाळा ओसरला की गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या पाड्यांवर प्रश्नावली घेऊन आलेली तरुण मंडळी दिसू लागतात. कुणी एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध करत असतं, कुणी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागातून आलेलं असतं, कुणी समाजकार्याचं शिक्षण घेत असतं. हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो. गावाला मात्र एवढंच दिसतं, की माणसं येतात, मुलांची वजनं घेतात, रक्त काढतात, झाडपाल्याची नावं विचारतात, फोटो घेतात आणि जातात. पुढे त्या वजनांचं, रक्ताचं आणि नावांचं काय झालं, ते कुणी सांगायला येत नाही.

आदिवासी समाजात ज्ञान कुणी कुणाला, कधी आणि कोणत्या अटीवर द्यायचं याचे नियम आहेत. ते कागदावर नसतात, तरी पाळले जातात. तुम्हाला कुणी काही सांगितलं, तर त्याबरोबर ते जपायची जबाबदारीही दिली, असं तिथे मानतात. ही जबाबदारी घ्यायची तयारी असेल, तरच पुढच्या पायऱ्यांना अर्थ आहे.

प्रश्न ठरवण्याआधी एकदा जाऊन या

विषय पुण्या-मुंबईत ठरवायचा, आराखडा संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या संस्थेच्या नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यायचा आणि मग गावात जाऊन ‘परवानगी द्या’ म्हणायचं, हा नेहमीचा क्रम. त्यात गावाला होय किंवा नाही म्हणण्यापलीकडे काही उरतच नाही. म्हणून पहिली फेरी रिकाम्या हाताने करा. वही नको, फॉर्म नको. तुमच्या मते इथे आजारपणात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, एवढंच विचारा आणि ऐका.

याचं चांगलं उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने शोधग्राममध्ये दवाखाना उभारण्याआधी आदिवासींना विचारलं, की दवाखाना कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, घरांसारख्या झोपड्या असाव्यात, सोबतच्या माणसांना राहता यावं आणि आमची देवी तिथे असावी, असं लोकांनी सांगितलं. म्हणून त्या दवाखान्याचं नाव माँ दंतेश्वरी दवाखाना आहे आणि त्याची रचना गोंडी गावासारखी आहे. कोणत्या आजारावर काम व्हावं, हेही तिथे गावांच्या प्रतिनिधींच्या आरोग्य संसदेत चर्चेला येतं. एका विद्यार्थ्याला एवढं शक्य नाही, हे मान्य. पण तुमच्या पाच प्रश्नांपैकी दोन गावाकडून आलेले असावेत, एवढं तर नक्कीच जमतं.

तुमचा विषय गावाला गरजेचाच वाटला नाही, तर तो बदला किंवा दुसरीकडे जा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात : आदिवासी भागातलं संशोधन त्याच लोकांच्या उपचाराला, निदानाला किंवा प्रतिबंधाला उपयोगी पडणारं असावं.

परवानगीचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा संस्थेचा. तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवीच. आदिवासी सदस्य किंवा त्या भागात काम केलेलं कुणी समितीवर नसेल, तर अशा माणसाला निमंत्रित म्हणून बोलवावं असा आग्रह धरा.

दुसरा दरवाजा प्रशासनाचा. आदिवासी भागात जाण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागासारख्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असं आयसीएमआर सांगते. व्यवहारात तुम्ही एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाल.

तिसरा दरवाजा ग्रामसभेचा, आणि नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र हातात आलं की काम झालं असं त्यांना वाटतं. गावात ते पत्र आधी दाखवलं, तर लोक ‘नाही’ म्हणायला घाबरतात आणि तुम्हाला मिळालेला होकार पोकळ असतो. पत्र पिशवीत ठेवा, कुणी मागितलं तर दाखवा.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हेही समजून घ्या. 1996 च्या पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या, कायद्यानुसार तिथल्या एखाद्या पाड्याची, वस्तीचीही स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 साली केले. पंचायतीच्या मुख्य गावातल्या सरपंचाने सही दिली, म्हणून आठ किलोमीटरवरच्या पाड्याने होकार दिला असं होत नाही. तिथे जाऊन पुन्हा विचारावं लागतं. गोंड-माडिया गावात गायता किंवा भूमिया या पारंपरिक प्रमुखांचा मान वेगळा असतो. आधी त्यांना भेटा, म्हणजे सभेत विषय कसा मांडावा हे तेच सांगतील.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि ती जगून दाखवली. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढच्या बैठकीत जातो. अशा गावात तुमच्या प्रबंधाच्या तारखेला काही किंमत नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही धरू नये. वेळापत्रक आखतानाच परवानगीसाठी दोन-तीन महिने धरा.

सभेत काय सांगायचं? तुम्ही कोण, पैसा कुणाचा, काय विचारणार, काय घेऊन जाणार, ते कुठे ठेवणार, त्यातून तुम्हाला काय मिळणार (पदवी, नोकरी, नाव, हे लपवू नका) आणि गावाला काय मिळणार. गावाला काहीच थेट मिळणार नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. ‘आम्ही सरकारला कळवू, मग रस्ता होईल’ असलं आश्वासन कधीही देऊ नका. सभेत बाया मागे बसतात आणि कमी बोलतात, म्हणून बचत गटाच्या किंवा अंगणवाडीच्या निमित्ताने त्यांच्याशी वेगळं बसा. ठरलेलं सगळं एका पानावर लिहा, सभेत वाचून दाखवा, एक प्रत गावाकडे ठेवा.

हंगाम पाहून जा

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची असतात, मग तेंदूपत्ता, जुलैत रोवणी. या दिवसांत पहाटेपासून घर रिकामं असतं. एका बाईचा अर्धा दिवस तुम्ही मुलाखतीत घालवला, तर तिची त्या दिवसाची फुलं गेली. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात पाड्यावर गेलात तर फक्त म्हातारी माणसं भेटतील आणि तुमचे आकडे त्यांचेच होतील. होळीला मेळघाटात आणि सातपुड्यात जा, पण पाहुणे म्हणून. प्रश्नावली घरी ठेवा.

वेळेचा मोबदला द्यावा का? बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला हरकत नाही. किती आणि कशी, ते ग्रामसभेला ठरवू द्या. घराघरात वेगवेगळी रक्कम दिलीत तर तुमच्यामागे भांडणं राहतील.

दुभाषी कोण असावा

गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, पावरी बोलणाऱ्या माणसासाठी मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. दुखणं माणूस घरच्या भाषेत सांगतो. आशा ताईंना दुभाषी करणं सोपं पडतं, पण त्या आरोग्य खात्याच्या आहेत. त्यांच्यासमोर ‘बाळंतपण घरीच केलं’ किंवा ‘गोळ्या फेकून दिल्या’ असं कोण सांगेल? शिवाय ताईंना ‘नाही’ म्हणणं गावातल्या बाईला जड जातं. जवळच्या दुसऱ्या गावातली, शिकलेली, बायांच्या विषयांसाठी बाईच, अशी व्यक्ती शोधा. तिला नीट मानधन द्या, गुप्ततेचं महत्त्व समजावा आणि अहवालात तिचं नाव घालायचं का ते तिला विचारा.

संमती : अंगठ्याच्या आधी

अंगठा या गोष्टीची आदिवासी भागात वाईट आठवण आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली, हे कितीतरी घरांत झालेलं आहे. म्हणून संमतीपत्र पुढे सरकवून शाईचा डबा उघडणं हा संवादाचा शेवट ठरू शकतो. साक्षीदारासमोर तोंडी संमती घेऊन ती नोंदवायची सोय नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. माहिती दिल्यावर लगेच होकार मागू नका. एक-दोन रात्री जाऊ द्या, घरात बोलणं होऊ द्या.

ग्रामसभेने होकार दिला तरी प्रत्येक माणसाला वेगळं विचारावं लागतं, आणि त्याने नकार दिला तर तो गावाला सांगायचा नसतो. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित जमातींमधल्या मुलांना, गरोदर बायांना आणि वृद्धांना शक्यतो अभ्यासात घेऊ नये, अशी जादा काळजी आयसीएमआर सांगते.

आश्रमशाळेत काम करणार असाल तर हे लक्षात ठेवाच. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुख्याध्यापक हे पालक नव्हेत. पाड्यावर जाऊन आईवडिलांना भेटायला दोन दिवस लागत असतील, तर ते दोन दिवस द्या.

रक्ताबद्दल तर फारच जपून. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यांवरच्या अभ्यासांत वापरले गेले. आपण याच दरीतले, असं सांगणारी त्यांची उत्पत्तिकथा त्या शेवटच्या अभ्यासाने थेट खोडून काढली. हे त्यांच्याच समाजातल्या एका स्त्रीला विद्यापीठातल्या एका सादरीकरणात कळलं. खटला झाला, 2010 मध्ये तडजोड झाली, 7 लाख डॉलर द्यावे लागले आणि नमुने परत करावे लागले. लोक आपलं रक्त परत घ्यायला गेले आणि त्यांनी त्यावर प्रार्थना केली.

आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या वाढल्या आहेत, 2023 पासून राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये घेतलेल्या प्रत्येक नमुन्याबाबत सांगा : कोणती तपासणी, कुठे, उरलेलं रक्त कधी नष्ट होणार. दुसऱ्या कशासाठी वापरायचं असेल तर पुन्हा येऊन विचारा. निकाल ज्याचा त्याला एकट्यालाच द्या. ‘वाहक’ (स्वतः आजारी नसून आजार मुलांकडे जाऊ शकेल अशी व्यक्ती) हा शिक्का लग्नाच्या बोलणीत मुलीच्या आड येतो.

वैद्य, पुजारी, भगत, सुईण

झाडपाल्याचं किंवा बाळंतपणाचं पारंपरिक ज्ञान हा तुमचा विषय असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

गावातलं सगळं ज्ञान एका थराचं नसतं. पोट दुखलं तर काय घ्यायचं, तापात काय खायचं नाही, हे घरोघरी माहीत असतं आणि लोक आनंदाने सांगतात. बाळंतपणाचं, पाळीचं, पोटात मूल आडवं असल्याचं ज्ञान सुईणींकडे आणि जुन्या बायांकडे असतं. ते बायांमध्येच फिरतं. पुरुष संशोधकाने तिथे घुसू नये. तिसरा थर पुजारी, भगत किंवा कोरकूंचे भूमका यांचा. हे ज्ञान गुरूकडून किंवा वडिलांकडून अटींसह मिळालेलं असतं. औषध उगाच सांगितलं तर त्याचा गुण जातो, असं अनेक वैद्य मानतात. कुठल्या वारी, कुठल्या वेळी मुळी काढायची, कुणाची सावली पडू द्यायची नाही, हेही त्यात येतं. आणि सगळ्यात आतला थर कुळाचा, देवाचा. तो बाहेरच्यासाठी नसतोच.

तुमचं काम कुठल्या थराशी आहे ते आधी ठरवा आणि तिथेच थांबा. बालआरोग्याच्या अभ्यासाला वैद्याच्या गुप्त मुळीचं नाव कशाला हवं? माणूस पहिल्यांदा कुणाकडे जातो, किती दिवसांनी दवाखान्यात येतो, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं. उत्सुकता आणि गरज यांतला फरक नवख्याने स्वतःला रोज विचारावा.

भेटायला जाताना रिवाज विचारून जा. कुठे नारळ लागतो, कुठे नुसतं बसणं लागतं. काही वैद्य उपचाराचे पैसे घेत नाहीत आणि नोट पुढे केली तर तो अपमान ठरतो. माडिया गावांत नवा आंबा पंडुम हा सण झाल्याशिवाय तोडत नाहीत. तुम्ही नमुन्यासाठी फांदी तोडण्याआधी विचारलं नाही, तर गाव रागावेल आणि ते बरोबरच असेल. रेकॉर्डर समोर, दिसेल असा ठेवा, आणि तो बंद करायला सांगितल्यावर खरंच बंद करा. बाहेर येऊन आठवणीतून सगळं लिहून काढणं म्हणजे तो बंद न करणंच.

दाखवलं पण लिहू नको म्हटलं, तर लिहायचं नाही. लिहिलं पण छापू नको म्हटलं, तर छापायचं नाही. वनस्पतीच्या जागेचं जीपीएस कधीही प्रसिद्ध करू नका; ठिकाण कळलं की व्यापाऱ्यांची माणसं पोत्याने मुळ्या खणून नेतात. वैद्याचं नाव लपवायचं हा आपला ठरलेला नियम, पण काहींना आपलं आणि गुरूचं नाव यावं असं वाटतं. विचारा आणि ते म्हणतील तसं करा.

पैशाचा संबंध येऊ शकेल असं काही हाती लागलं, तर केरळच्या काणी लोकांची गोष्ट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी तरुण एक फळ खाऊन न दमता चालत होते. ते कोणतं, हे सांगायला ते आधी तयार नव्हते. ती आरोग्यपच्चा. तिच्यापासून पालोडच्या वनस्पती संस्थेने ‘जीवनी’ हे औषध बनवलं, 1995 मध्ये त्याचा परवाना एका कंपनीला दिला आणि परवाना शुल्क व रॉयल्टी यांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. 1997 मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था झाली. जगभर याचं कौतुक झालं, ते योग्यही आहे. पण काणींमधल्या प्लाथी म्हणजे पारंपरिक वैद्यांपैकी काहींनी आक्षेप घेतला : दोघातिघांनी सांगितलेलं ज्ञान सगळ्या समाजाचं होतं, आम्हाला कुणी विचारलं? माझ्या मते काणींच्या गोष्टीतली शिकण्याची जागा हीच आहे. वाटा देणं नंतर येतं. सांगणाऱ्याला सांगायचा अधिकार होता का, हे आधी पाहायचं असतं.

कायदाही तुमच्यापेक्षा गावाच्या बाजूने आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक वैविध्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद, असते. तुमच्याबरोबर परदेशी संस्था असेल किंवा पेटंटचा विचार असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता किंवा तिथे नोंदणी लागते. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. शंका असेल तर काम सुरू करण्याआधी तिथे विचारा.

गप्प बसायचं नाही अशी वेळ

आदर म्हणजे सगळं मुकाट पाहणं नव्हे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या सळईचे चटके दिले जातात. सर्पदंश झालेला माणूस मंत्रात वेळ घालवतो. अशा वेळी काय करणार, हे पहिल्याच सभेत सांगून ठेवा : ‘जीव धोक्यात दिसला तर मी दवाखान्यात न्यायला सांगेन, गाडीची मदत करेन.’ आधी सांगितलेलं असलं की त्यात विश्वासघात वाटत नाही. आणि वैद्यालाच सोबत घ्या. पुजारी ‘आता दवाखान्यात न्या’ म्हणाला तर लोक तुमच्या सांगण्यापेक्षा लवकर ऐकतात. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि 108 चा नंबर वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

लिहिताना

गावाचं नाव बदललं तरी ‘भामरागड तालुक्यातलं 40 घरांचं, नदीकाठचं गाव’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. वर्णन ढोबळ ठेवा. मेळघाट म्हटलं की कुपोषण, एवढंच उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि तिथली माणसं या ओळखीला कंटाळली आहेत. दारू, आप्तविवाह, ‘अंधश्रद्धा’ असले शब्द एका संपूर्ण जमातीला चिकटवण्याआधी रिकामं उपकेंद्र, बंद रस्ता आणि न मिळालेली मजुरी यांचा हिशेब मांडा. उघड्या मुलांचे फोटो नकोतच.

परत देणं

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स म्हणजे मूळनिवासी समाजांनी 1998 पासून एक चौकट वापरात आणली : माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, तिच्यापर्यंत पोहोच आणि तिचा ताबा, हे चारही समाजाकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आपल्याकडच्या बहुतेक ग्रामसभांकडे अशी लिखित संहिता नाही, म्हणून तुमचं ते एका पानाचं ठराव-पत्रच संहितेसारखं वापरा.

छापण्याआधी निष्कर्ष गावात सांगा. चित्रं काढून, गोंडीत किंवा कोरकूत, संध्याकाळी लोक मोकळे असताना. ‘हे असं नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते मतही अहवालात यायला हवं. एखादी गोष्ट काढून टाका म्हटलं, तर काढा. गाईडची नाराजी झेलावी लागली तरी. निष्कर्षातून लगेच करता येण्यासारखं काही असेल, तर ते आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत गावातल्या माणसांसोबत जाऊन पोहोचवा. गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला; आज देशभर आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासतात, त्यामागे ते काम आहे. प्रत्येक प्रबंधाचं असं होणार नाही. पण ज्या गावाने आकडे दिले, त्या गावाला त्यांचा पहिला उपयोग व्हावा, ही अपेक्षा ठेवणं जास्त नाही.

शेवटी सामानाची आवराआवर. ध्वनिमुद्रणांची एक प्रत ज्याची त्याला द्या. म्हाताऱ्या सुईणीचा आवाज तिच्या नातवंडांकडे असायला हवा. गावाच्या संमतीने जे नोंदवायचं ठरलं, तेवढंच लोकजैवविविधता नोंदवहीत जाऊ द्या. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडल्यावर मूळ माहिती कुणाच्या संगणकावर राहणार, कोण उघडू शकणार आणि कोणत्या तारखेला पुसली जाणार, हे गाईडकडून लेखी घ्या आणि त्याची प्रत ग्रामसभेला पाठवा. ती तारीख आली की माहिती पुसा, आणि पुसल्याचं पत्रही पाठवा.